बाबासाहेबांची फी कोणी भरली?

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशाची धावपळ सुरू झाली की आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. सरकारने कॉलेजचे शिक्षण सर्वांना मोफत का करू नये? त्यावर दुसरे कोणी म्हणते, गावची शाळा गळते आहे, तिथे शिक्षक नाही, मग सरकारी पैसा आधी कॉलेजवर का घालवायचा? दोन्ही बाजूंना बाबासाहेबांचे नाव घेतले जाते. आम्ही वस्तीपातळीवर विद्यार्थ्यांसोबत काम करतो, त्यामुळे हा वाद आमच्यासाठी केवळ चर्चेचा नाही. म्हणून आम्ही ठरवले की बाबासाहेबांच्या आयुष्याकडेच या एका प्रश्नाच्या अंगाने पाहावे. त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणी केला आणि पुढे समाजाचा पैसा शिक्षणात कुठे घालावा याबद्दल त्यांनी काय भूमिका घेतली? जीवनचरित्र तुम्हा-आम्हा सर्वांना पाठ आहे, पण त्यातला हिशेब आपण क्वचितच मांडतो.

हा हिशेब बाबासाहेबांच्या जन्माआधीच सुरू होतो. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्या काळी लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते. बाहेरच्या जगात महाराच्या पोराला शाळेच्या उंबऱ्याशीही उभे करत नव्हते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि सरकारनेच तो नाकारला. पण छावणीत मात्र सरकारी पैशातून आपले लोक लिहायला-वाचायला शिकले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मलेल्या भीमरावाच्या घरात पुस्तके होती, अभ्यासाची शिस्त होती, याचे मूळ तिथे आहे. म्हणजे सार्वजनिक पैशातला पहिला वाटा या घराला लष्कराच्या शाळेतून मिळाला.

सुभेदारांची नोकरी संपली, कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळा सरकारी होती, तरी बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागे. सरकारी पैशाने शाळा उभी राहिली म्हणून ती सर्वांची होत नाही, हा धडा बाबासाहेबांना बालपणीच मिळाला.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले आणि भीमरावाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले. वडिलांच्या पेन्शनमध्ये दोन मुलांचे शिक्षण भागणारे नव्हते. मोठ्या भावाने शाळा सोडून नोकरी धरली. पुस्तकांसाठी पैसे नसले की सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि पुस्तक घरी येई. तेव्हा या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर भावाची सुटलेली शाळा आणि बहिणींचे गहाण पडलेले दागिने लिहायला हवेत. घरातला एक शिकतो तेव्हा दुसऱ्या कुणाचे तरी शिक्षण थांबते. आजही आमच्या कामात हे चित्र दिसते, आणि बहुतेक वेळा थांबणारी मुलगी असते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. त्या निमित्ताने भरलेल्या सत्कार सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले. पुढे कॉलेजच्या वाटेवर पैशाची अडचण आली तेव्हा याच केळुस्करांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पूर्ण झाले. १९१३ साली सयाजीरावांनी त्यांना अमेरिकेला पाठवले. तीन वर्षे, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता.

हा पैसा महाराजांचा म्हणून आपण कृतज्ञतेने नाव घेतो, ते योग्यच आहे. पण संस्थानच्या तिजोरीत पैसा येतो तो शेतसाऱ्यातून आणि करांतून. म्हणजे बडोद्याच्या रयतेने एका महार तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकवले. आता आजचा प्रश्न तिथे लावून पाहा. तेवढ्या पैशात बडोद्याच्या खेड्यांतली किती मुले शिकली असती, असे कोणी विचारू शकले असते. पण सयाजीरावांना यातले एकच निवडावे लागले नाही. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते संपूर्ण संस्थानात लागू केले. एकीकडे प्रत्येक मुलाला अक्षर आणि दुसरीकडे ज्याची वाट पैशाअभावी आणि जातीमुळे बंद आहे त्याला थेट विद्यापीठापर्यंत मदत, अशी दोन्ही कामे एकाच राजाने केली. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनीही तेच केले. वसतिगृहे त्यांनी आधी काढली आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला.

१९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला घर मिळेना, कचेरीत माणसे दुरून कागद टाकत. करार पुरा करायची इच्छा असूनही जातीने तो पुरा होऊ दिला नाही. सरकारी पैशाने माणूस शिकला तरी समाज त्या शिक्षणाचा उपयोग करू देतोच असे नाही, हेही या हिशेबात धरायला हवे.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. इकडे रमाईंनी तुटपुंज्या पैशात संसार ओढला. एमएस्सी, बॅरिस्टर, डीएस्सी अशा पदव्या घेऊन १९२३ साली बाबासाहेब परतले. त्यांचा विषय काय होता? रुपयाचे अर्थशास्त्र आणि सरकारी पैशाचा व्यवहार. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने आला आणि तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. सरकारी पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कोणाच्या खिशात थांबतो, हे शास्त्र ज्याने परक्याच्या पैशावर शिकून घेतले, तो माणूस आता हिशेब विचारायला उभा राहणार होता.

१९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई विधिमंडळात त्यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. अर्थसंकल्पावरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी करांचा अन्याय दाखवला. थोडकी जमीन असलेल्या शेतकऱ्यालाही सारा चुकत नाही, पण प्राप्तिकर मात्र ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, हे त्यांनी मांडले. त्यानंतर १२ मार्च १९२७ रोजी ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर आठच दिवसांनी झाला. तळ्याचे भाषण आपल्याला ठाऊक आहे, पण त्याआधीचे हे भाषणही आपल्या घराघरांत वाचले गेले पाहिजे.

त्या भाषणात ते आधी प्राथमिक शिक्षणावर बोलले. शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, असा आकडा त्यांनी ठेवला. या गतीने सर्व मुलगे शाळेत यायला ४० वर्षे आणि मुली यायला ३०० वर्षे लागतील, असे त्यांनी दाखवून दिले. जो मुलगा चौथीच्या आधीच शाळा सोडतो त्याच्यावरचा खर्च वाया जातो, म्हणून मूल शाळेत टिकवणे हा पैशाचाही प्रश्न आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

मग ते फीकडे वळले. आर्ट्स कॉलेजांच्या खर्चापैकी ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चापैकी ३१ टक्के आणि मिडल स्कूलच्या खर्चापैकी २६ टक्के पैसा विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होतो, हे सांगून त्यांनी याला शिक्षणाचा धंदा म्हटले. खालच्या थरांतली माणसे आता कुठे हायस्कूल-कॉलेजच्या दाराशी येऊ लागली आहेत, अशा वेळी उच्च शिक्षण त्यांच्यासाठी होईल तेवढे स्वस्त केले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. सर्व समाज एका पातळीवर आणायचे असतील तर मागे असलेल्यांना विशेष वागणूक द्यावी लागेल, असे ते म्हणाले. सरसकट सगळ्यांना सगळे मोफत, अशी ही मागणी नव्हती, आणि प्राथमिक शिक्षण पुरे झाल्यावर मग कॉलेजचे पाहू, अशीही नव्हती.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्याकडे आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचे विशेष लक्ष जाते. शिष्यवृत्तीच्या पैशापेक्षा वसतिगृहांवर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. घरात दारिद्र्य असेल तर मुलाच्या नावावर आलेले पैसे घराच्या गरजेत जिरतात, आणि अभ्यासाला पोषक वातावरण नसेल तर मुलगा शिष्यवृत्ती असूनही मागे पडतो. हे त्यांनी अनुभवातून सांगितले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले होते. म्हणजे किती पैसा द्यायचा एवढ्यावर ते थांबत नव्हते. तो कोणत्या रूपात दिला तर मुलापर्यंत पोहोचेल, हेही पाहत होते.

इथे थोडे मागे जाऊ. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. शेतकऱ्यांच्या घामातून आलेला महसूल सरकार उच्च वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च करते आणि ज्यांच्या कष्टाचा तो पैसा आहे त्यांच्या मुलांना साधी शाळा नाही, हे जोतिरावांनी स्पष्ट मांडले आणि प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागितला. वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे सरकारचे धोरण होते. ते झिरपले नाही. १९२८ साली सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातल्या या धोरणाचा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी उघडा केला.

पण एक वाक्य कोण बोलतो यावर त्याचा अर्थ बदलतो. आधी शाळा, मग कॉलेज, हे जोतिराव म्हणाले तेव्हा ते रयतेच्या पैशावर रयतेचा हक्क सांगत होते. तेच वाक्य पुढे आपल्या समाजाला ऐकवले जाऊ लागले तेव्हा त्याचा अर्थ झाला, तुम्ही अक्षरओळखीवर समाधान माना. बाबासाहेबांनी हा फरक ओळखला. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले. त्यात केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाची, विशेषतः विज्ञान आणि तंत्रशिक्षणाची व परदेशी शिक्षणाची जबाबदारी घ्यावी, अशी मागणी होती. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार पैसा देते, मग आम्हाला का नाही, असा त्यांचा सवाल होता. मोक्याच्या जागी आपली माणसे बसल्याशिवाय कायदा कागदावरच राहतो आणि त्या जागा उच्च शिक्षणाशिवाय मिळत नाहीत, हे त्यामागचे कारण. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले. आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून जी योजना आपल्या लाखो मुलांना माहीत आहे, तिची सुरुवात १९४४ च्या सुमाराची आणि तिचे मूळ या लढ्यात आहे.

सरकारकडे मागून ते थांबले नाहीत. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली. मराठवाड्यात त्या वेळी कॉलेज शिक्षणाची सोय नसल्यातच जमा होती. नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहे उभी राहिली. गावकुसाबाहेरचा मुलगा तिथे राहिला, जेवला, शिकला आणि पुढे लिहिता-बोलता झाला. १९२७ मध्ये विधिमंडळात जे सांगितले, ते त्यांनी इथे विटा-मातीत उभे केले.

संविधानातही हीच मांडणी दिसते. अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली गेली. १९४८ साली संविधान सभेत हे शिक्षण फक्त प्राथमिक म्हणून मर्यादित करण्याची सूचना आली, ती बाबासाहेबांनी मान्य केली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवता येत नाही, तर ते मूल तेवढी वर्षे शाळेत असले पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आणि अनुच्छेद ४६ मध्ये दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी राज्यावर टाकली. शाळेचा हक्क सर्वांचा आणि पुढच्या वाटेवर मागे असलेल्यांना विशेष आधार, असे हे दोन अनुच्छेद एकत्र वाचावेत असे आम्हाला वाटते.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वयोगटात उच्च शिक्षणाचे प्रमाण देशात सुमारे २८ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये सुमारे २६ आणि जमातींमध्ये २१ टक्के. म्हणजे कॉलेजवर खर्च झालेला पैसा शंभरातल्या सत्तर तरुणांपर्यंत पोहोचतच नाही. ते आधीच वाटेत गळलेले आहेत. बिस्किटाचा पुडा घेणारी मजूर बाईही जीएसटी भरते. तिच्या पैशातून श्रीमंताच्या मुलाची फी माफ करणे जोतिरावांना पटले नसते आणि बाबासाहेबांनाही नाही.

पण म्हणून फी वाढवा आणि गरिबाला नंतर परत देऊ, हा मार्गही आम्हाला मान्य नाही. उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, आधार जोडलेले बँक खाते, ऑनलाइन अर्जातली त्रुटी, या चक्रात जो खरा गरजू असतो तोच अडकतो. शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. त्याच्या थोडेसे वर असलेला कंत्राटी कामगार श्रीमंत ठरतो. आलेली रक्कम वर्ष संपताना हाती पडते आणि तोपर्यंत खोलीभाडे, खाणावळ, एसटीचा पास यांसाठी कर्ज झालेले असते. फी माफ आहे, पण पुण्यात राहायचे कुठे, असे विचारणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. स्वाधार योजना याच अडचणीसाठी आहे, पण तिचा हप्ताही वेळेवर आला तरच उपयोगी.

म्हणून आमचे मत असे आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांची फी सर्वांसाठीच नाममात्र ठेवावी, म्हणजे दारातच कोणी अडणार नाही. पण त्यापुढचा प्रत्येक जादा रुपया सरसकट माफीत न घालता आधी गावच्या शाळेत आणि मग वसतिगृहात, खाणावळीत, अभ्यासिकेत आणि वेळेवर मिळणाऱ्या निर्वाह भत्त्यात घालावा. ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून तो करातून वसूल करावा. बाबासाहेबांच्या १९२७ च्या भाषणाचा आजच्या भाषेतला अर्थ आम्ही असा घेतो.

या हिशेबाची एक बाजू आपल्याकडेही येते. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दलचे दुःख बोलून दाखवले. शिकून मोठे झालेले लोक समाजाकडे वळून पाहतील ही त्यांची आशा फोल ठरली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी नागपूरला आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते गेले. धम्मात दान ही पहिली पारमिता आहे. ज्यांची पदवी शिष्यवृत्तीवर झाली त्यांनी आपल्या गावच्या एका मुलीचे खोलीभाडे उचलले, एका वसतिगृहाच्या अभ्यासिकेला पुस्तके दिली, शिष्यवृत्ती अर्जाच्या दिवसांत चार मुलांचे फॉर्म भरून दिले, तर ते उपकार होत नाहीत. बडोद्याच्या रयतेने, दागिने देणाऱ्या बहिणींनी आणि शाळा सोडणाऱ्या भावाने आपल्यासाठी जे आधीच भरून ठेवले आहे, त्याचा तो एक हप्ता असतो. सरकारकडे आपला हक्क मागताना हा हप्ताही आपण थकवू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!